हुरड्याला 25 माणसं बोलावलीस, आता हे वाच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसची 25 माणसं हुरड्याला घेऊन येतोयस हे कळलं. आम्ही दोघं त्या आठवड्यात ताईकडे असू. रानात मामा-मामी आहेत, पण यजमान तूच. फोनवर सांगितलेलं तुझ्या अर्धंच ध्यानात राहतं, म्हणून लिहून पाठवतो.

पंगतीचं गणित डोक्यातून काढून टाक. पंगतीत स्वयंपाक तयार असला की माणूस केव्हाही येवो, वाढता येतं. हुरडा थांबत नाही. आगटीतून, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यातून, ज्वारीचं कोवळं कणीस काढलं, चोळलं, की दाणा गरम असेपर्यंतच मऊ आणि गोड लागतो. दहा मिनिटांनी तोच चिवट होतो, आणि पातेल्यात झाकून ठेवलास तर वाफेनं गिच्च गोळा. म्हणून तासाभरात किती कणसं भाजून, चोळून हातावर पडतील, तिथून मोजायला सुरुवात कर.

एका आगटीत एका वेळी सहा कणसं नीट भाजतात. जास्त कोंबली की मधली कच्ची राहतात. एका घाण्याला उलटसुलट करून सहा-सात मिनिटं, म्हणजे तासाला पन्नासेक कणसं. चांगल्या कणसातून 70 ते 90 ग्रॅम हुरडा निघतो आणि मन लावून खाणाऱ्याला तीन-चार कणसं लागतात. 25 माणसांना शंभर, वर वीस करपण्या-सांडण्याची. एकाच आगटीवर अडीच तास जातील आणि निम्मी माणसं दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसतील. दोन आगट्या घाल. प्रत्येकीवर एक भाजणारा आणि दोन चोळणारे. मामा-मामी धरून सहा माणसं लागतील, चौघांना मामा सांगतील. त्यांची दिवसाची हजेरी सकाळीच देऊन टाक आणि पाहुण्यांच्या आधी त्यांच्या हातावर हुरडा पडू दे. पोटात भूक ठेवून कोणी नीट चोळत नाही.

आता तारीख. तू 26 जानेवारी म्हणतोस. विहिरीजवळचा गुळभेंडी ज्वारीचा तुकडा 15 ऑक्टोबरच्या आसपास पेरलाय. पेरणीपासून 95 ते 100 दिवसांत हुरडा धरतो, म्हणजे 18 ते 23 जानेवारी. तिथून जेमतेम आठवडा मिळतो. थंडी टिकली तर दोन-चार दिवस लांबेल, ऊन वाढलं तर तेवढेच आखडतील. म्हणून 26 च्या आधीचा रविवार धरावा असं माझं मत. चार दिवस आधी मामांना कणीस बघायला सांग. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, त्यामुळे शेंड्याचे दाणे पुढे आणि बुडाचे मागे असतात. मधला दाणा नखानं दाबायचा. दुधाची चिळकांडी उडाली तर कोवळा आहे, भाजल्यावर आक्रसून नुसतं साल राहील. मऊ कणकेसारखा हिरवट गर आला तर हाच तो. दाणा पांढरा पडून पिठासारखा फुटला तर निबर झाला, तो आता भाकरीचा.

बाकीच्या रानातली मालदांडी तोडू नकोस. आपल्या मंगळवेढ्याच्या भाकरीचं नाव त्या दाण्यावर आहे, पण फोलपटात तो घट्ट बसतो आणि चोळणाऱ्याचे तळवे सोलून निघतात. गुळभेंडी, सुरती, कुचकुची या खास हुरड्याच्या जाती, दोन चोळ्यांत दाणा सुटतो. (राहुरीच्या विद्यापीठाची फुले मधुर पण आहे, पुढल्या वर्षी दोन ओळी लावून बघू.) त्या तुकड्यावर कणीस निसवल्यापासून फवारणी केलेली नाही. तरी तोडताना पानं चिकट, काळी दिसली तर ती ओळ सोडून द्यायची, तो किडीनं सोडलेला चिकटा असतो.

कणसं आदल्या दिवशी तोडून ठेवायची नाहीत. रात्रीत गोडी उतरते आणि दाणा सुकतो. सकाळी दव वाळल्यावर वीतभर ताट (धांडा) ठेवून विळ्यानं कापायची, आगटीत फिरवायला तेवढी मूठ हवी. निम्मी आधी, निम्मी पहिला घाणा झाल्यावर.

आगटीची जागा तू स्वतः बघ, हे मामांवर सोडू नको. आधी मान वर करून झाडं बघायची. चिंचेवर किंवा लिंबावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या आसपास धूर नकोच. धुरानं पोळं उठलं तर 25 माणसांना पळायला जागा पुरणार नाही. कडब्याच्या गंजीपासून लांब, पाणी भरलेला ड्रम आणि बादली शेजारी. वारा कुठून येतो ते बघून बसायच्या सतरंज्या त्याच बाजूला, म्हणजे धूर अंगावर येत नाही. ज्यांना दमा आहे त्यांना सगळ्यांत कडेला.

खड्डा फूटभर खोल, दीड-दोन फूट रुंद. खाली तुराट्या आणि थोडं पाचट, वर वाळलेल्या गोवऱ्या उभ्या रचायच्या. कापरानं पेटव. रॉकेल-पेट्रोल लावलंस तर पहिले तीन घाणे त्याच वासाचे होतील. लाकडं नकोत. ज्वाळेनं कणीस बाहेरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. गोवऱ्यांचा धूर सरून वर राख धरलेला लाल आर पडला की मगच कणसं आत खुपसायची. याला पाऊण तास लागतो, म्हणून पाहुणे दहाला पोचणार असतील तर सव्वानऊला आगटी पेटलेली पाहिजे. एका आगटीला 25-30 गोवऱ्या काढून ठेव. सगळ्यांची चूक होते ती पुढे: आर मंदावला की थंड गोवरी वर टाकतात आणि पुन्हा धूरच धूर. नवीन गोवऱ्या कडेला आधीच धुमसत ठेवायच्या आणि पेटलेल्याच आत सरकवायच्या.

चोळणं मामीकडून शिकून घे. कणीस गोणपाटाच्या तुकड्यात धरून चोळायचं, मग सुपात एक पाखडणी. फुंकर मारून भागत नाही, कुसळ घशाला लागतं. पाहुण्यांना स्वतः चोळायची हौस असेल तर एखादंच कणीस दे, तळवे भाजतात. लोकरीचे स्वेटर घालून येऊ नका हे आधी कळव, त्यात कुसळं अडकली की धुतल्यावरही टोचतात.

हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाऊण किलो, कारळ्याची आणि लसूण-खोबऱ्याची पाव-पाव किलो, बारीक शेव एक किलो, गूळ एक किलो, घट्ट दही तीन लिटर. चटणी हुरड्यात कालवून वाढू नका, ज्याची त्यानं लावून खावी. हुरड्यावर घटाघटा पाणी पिऊ नये असं जुनी माणसं सांगतात. पोट तटतं हे खरं आहे, म्हणून ताकाचा डेरा भरून ठेव, सहा-सात लिटर पुरे. पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन कणसांवर थांबव, आग्रह करू नको. बोरं, पेरू, उसाच्या कांड्या मध्ये ठेवून दे, त्याचं काही मोजायला नको.

जेवण दोनच्या आधी काढू नकोस आणि निम्मंच कर. 40 भाकरी, म्हणजे चार किलो पीठ, पिठल्याला एक किलो बेसन, ठेचा, कांदा. भरताची वांगी वेगळी भाजायची नाहीत. शेवटचा घाणा निघाला की दोन्ही आगट्यांच्या मंद आरात पुरून टाक, अर्ध्या तासात होतात. तेल लावून दोन-तीन ठिकाणी टोचायची, नाहीतर फुटून राख आत जाते.

गाड्या रस्त्याकडेला मुरमावरच लाव. ज्वारीला पाणी दिलेलं असलं तर काळ्या रानात चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. विहिरीच्या कठड्याशी एक माणूस उभा कर, लहान मुलं येणार असतील तर नक्कीच. बायकांसाठी घराच्या खोलीची किल्ली मामीकडे आहे, संडासात पाणी भरून ठेवायला सांग.

उठताना आगट्यांवर बादलीभर पाणी, मग काडीनं उकरून पुन्हा पाणी, वर माती. वरून राख थंड दिसते आणि खाली गोवरी रात्रभर जळत राहते. चोळलेला हुरडा उरला तर मामीला दे, ती संध्याकाळी थालीपीठ लावेल. न भाजलेली कणसं पाहुण्यांना बांधून द्यायला हरकत नाही, पण पुण्यात पोचल्यावर त्याच रात्री गॅसवर भाजून खायला सांग.

आणि बांधापलीकडचा हरभरा आपला नाही, वाट्यानं दिलेला आहे. डहाळे हवे असतील तर मामांना विचारून विहिरीकडच्या दोन सऱ्यांतलेच उपटा.

तुझे,
आप्पा