६१७४ आणि आठवी ‘ब’ : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सहावी ते नववीच्या गणितात प्रोग्रामिंगची मूलतत्त्वे आणण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी एकोणीस वर्षे गणित शिकवते आहे. पहिलीपासून नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके येऊ लागली आहेत, पुढच्या वर्गांचीही येतील. सहावीच्या पुढची पुस्तके छापखान्यात जायच्या आत एक मागणी आपल्यापुढे ठेवायची आहे. ती मांडण्याआधी एका तासिकेत काय घडले ते सांगते, कारण ही मागणी त्या तासिकेतूनच आली आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते शाळेतच शिकवत राहिले. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. रीत सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथे पोहोचतो.

आठवी ‘ब’ मध्ये बावन्न मुले आहेत. प्रत्येकाने आपली संख्या निवडली आणि दहा मिनिटांत वर्गभर ‘आलं, आलं’ सुरू झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. “बाई, माझं शून्य आलं.” तिची संख्या होती २१११. शेजारच्या मुलीनेही तीच संख्या घेतली होती आणि तिचे ६१७४ आले होते.

मी उत्तर सांगितले नाही. दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवायला लावल्या आणि ओळीमागून ओळ ताडून बघा म्हटले. पहिली ओळ दोघींची एकच होती, २१११ वजा १११२. दुसऱ्या ओळीत फरक सापडला. एकीने उत्तर ०९९९ लिहिले होते, तर दुसरीने पुढचे शून्य निरर्थक म्हणून सोडून ९९९ लिहिले होते. मग ९९९ मधून ९९९ गेले की शून्यच उरणार! शून्य ठेवले तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४. त्या मुलीने स्वतःहून फळ्यावर येऊन नियमात भर घातली : ‘संख्या नेहमी चार अंकीच लिहायची, पुढे शून्य आले तरी.’

महोदय, प्रोग्रामिंग शिकवायचे म्हणजे हे शिकवायचे. काम ठरावीक पायऱ्यांत मांडायचे, एकच पायरी पुन्हा पुन्हा करायची, कधी थांबायचे ते आधी ठरवायचे, रीत कुठल्या संख्यांना लागू नाही ते स्पष्ट लिहायचे आणि चुकले की नेमकी कुठली ओळ चुकली ते शोधायचे. त्या दिवशी वर्गात एकही संगणक नव्हता.

प्रोग्राममधल्या ‘असे असेल तर तसे कर’ अशा अटींचा पाठ मी कांद्यावर घेतला. आमच्याकडची निम्मी मुले सुट्टीत कांदा साठवायच्या चाळीवर प्रतवारीला बसतात. ‘कांदा हातात आल्यावर काय-काय बघता ते क्रमाने लिहा,’ असे सांगितले. एकाने लिहिले, “मोठा असेल तर पहिल्या ढिगात, लहान असेल तर गोल्टीत, सडका असेल तर बाहेर.” लगेच दुसरा म्हणाला, “असं केलं तर मोठा सडका चांगल्या ढिगात जाईल ना! आधी सडका काढतात, मग जोडकांदा, मग फुलाचा दांडा आलेला डेंगळा, आणि आकार शेवटी.” अटी त्याच ठेवून नुसता क्रम बदलला की निकाल बदलतो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलांना समजावताना प्राध्यापकांना घाम फुटतो. माझ्या वर्गातल्या मुलाला ते चाळीवरच ठाऊक झाले होते. त्याला फक्त ते लिहायला कुणी सांगितले नव्हते.

आजची परिस्थिती आपल्याला ठाऊक असेलच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगशी निगडित उपक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ‘संगणक’ म्हणजे इनपुट-आउटपुटच्या व्याख्या आणि पत्र टाईप करून त्याचे अक्षर ठळक करणे. पूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे दहा संगणकांची खोली होती. बॅटऱ्या गेल्या, दुरुस्तीचे पैसे आले नाहीत, खोलीला कुलूप लागले आणि संगणकाची तासिका वाचनाला गेली. त्यात मुख्याध्यापकांचा दोष नव्हता. दोष हा की संगणक बंद पडला म्हणजे विषयच बंद पडला, इतकी आपली मांडणी यंत्रावर उभी आहे.

मग अकरावीला बायफोकलमध्ये, म्हणजे व्यावसायिक विषयांच्या गटात, संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलांसमोर एकदम प्रोग्रामिंगची भाषा येते, तीही इंग्रजीतून. तिथे पहिली ठेच ‘गुण = गुण + १’ या ओळीला लागते. गणितात ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, हे आपणच सहा वर्षे घोकून घेतलेले असते. त्या हिशोबाने ही ओळ धडधडीत खोटी आहे आणि प्रामाणिक मूल इथेच अडते. ‘गुण’ हा एक डबा आहे, डब्यातली जुनी किंमत काढून त्यात एक मिळवायचा आणि नवी किंमत त्याच डब्यात ठेवायची, एवढे मराठीत एकदा सांगितले की पुरते. मी एका मुलाला काड्यापेटी आणि खडूचे तुकडे घेऊन हे करायला लावले. पंधरा मिनिटे लागली. आठवीत बीजगणितातले ‘चल’ शिकवतानाच हे सांगता येते. म्हणून माझा आग्रह आहे की हा विषय वेगळा न करता गणिताच्या पुस्तकात यावा.

हे जमण्यासारखे आहे. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुले मुक्त सॉफ्टवेअर वापरून आयसीटी, म्हणजे माहिती व संचार तंत्रज्ञान, शिकतात आणि ‘लिट्ल काइट्स’ हे त्यांचे क्लब शाळाशाळांत चालतात. इंग्लंडने २०१४ पासून प्राथमिक शाळेपासूनच कम्प्युटिंग अभ्यासक्रमात घेतले. आपल्याकडेही एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने संगणकाविना शिकवायचे पाठ तयार केले आहेत. मी काही पाठ वर्गात घेतले, ते चालतात.

माझी मागणी अशी आहे. सहावी ते नववीच्या गणिताच्या प्रत्येक पुस्तकात ‘रीत लिहूया’ अशा नावाचे एक प्रकरण असावे. सहावीत मसावि आहेच. २५२ आणि १०५ चा मसावि भागाकाराने काढताना ४२ उरतात, मग २१, मग शून्य, आणि उत्तर २१. ही युक्लिडची रीत मुले नुसती करतात, ती त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि शेजाऱ्याने ती जशीच्या तशी करून दाखवावी. परीक्षेत चार गुणांचा एक प्रश्न चुकलेली रीत देऊन ‘चूक कोणत्या पायरीत आहे?’ असा असावा. परीक्षेत आले नाही तर वर्गात शिकवले जात नाही, हे आपण दोघेही जाणतो. ज्या शाळेत संगणक चालू आहेत तिथे पुढची पायरी म्हणून स्क्रॅच हे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचे सॉफ्टवेअर घ्यावे. ते फुकट आहे आणि इंटरनेटशिवायही चालते. आणि शिक्षकांचे प्रशिक्षण दिवसभर पडद्याकडे बघण्याचे नसावे. आम्हाला २१११ सोडवायला लावा, चुकू द्या, एकमेकांच्या वह्या तपासू द्या.

एका पालकसभेत एका वडिलांनी मला विचारले, “आता एआयच प्रोग्राम लिहितो म्हणतात, मग पोरांनी कशाला शिकायचं?” मी त्यांना त्या मुलीची वही दाखवली. प्रोग्राम कुणीही लिहो, तो २१११ ला चुकतो की नाही हे तपासायला आधी तशी संख्या देऊन बघायचे सुचावे लागते. त्यांनी ती वही शांतपणे शेवटच्या पानापर्यंत वाचली.

आपला नाशिकचा दौरा ठरला तर आठवी ‘ब’ ची गणिताची तासिका मंगळवारी आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर असते. या पत्रासोबत मुलांनी लिहिलेल्या कांद्याच्या प्रतवारीच्या रीती पाठवते आहे. त्यांतल्या नऊ चुकीच्या आहेत. त्या मी मुद्दाम दुरुस्त केलेल्या नाहीत.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका,
नाशिक जिल्हा