रुग्णवाहिकेवर जाण्याआधी

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. मुक्ता हिस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रोज रात्री फोनवर बोलत असूनही तू चार पाने लिहून पाठवलीस, यावरून हा विषय तुझ्या मनात किती दिवस घोळत असेल हे लक्षात आले, म्हणून मीही उत्तर लिहूनच पाठवते आहे. बी.एस्सी. झाल्यावर आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदविका घ्यायची आणि रुग्णवाहिकेवर काम करायचे, असे तू ठरवले आहेस. त्याला तू तीन कारणे दिली आहेस. पहिले महापुराचे, दुसरे एका जागी बसून करायच्या नोकरीच्या कंटाळ्याचे आणि तिसरे लोकांच्या सेवेचे. चौथे कारण तू लिहिलेले नाहीस, पण ते मला ठाऊक आहे. नीटला दोनदा गुण कमी पडले. ते वाक्य गाळताना तुला संकोच वाटला असणार; पण माझ्या मते चारांतले तेच कारण सर्वांत प्रामाणिक आहे, आणि त्याची लाज धरण्याचे काही कारण नाही.

असे मी का म्हणते, हे सांगण्यासाठी मला आधी माझ्याबद्दल एक कबुली द्यावी लागेल. तुझे आजोबा गेले म्हणून मी नर्स झाले, ही आपल्या घरात सांगितली जाणारी गोष्ट निम्मीच खरी आहे. आजोबांच्या छातीत दुखू लागले तेव्हा गगनबावड्याहून त्यांना वडापच्या जीपमधून आणले. मधल्या सीटवर दोघांच्या मध्ये त्यांना बसवले होते, कारण आडवे करायला जागाच नव्हती. कोल्हापूर तिथून पंचावन्न किलोमीटर, आणि वाटेवरच्या कळे गावाच्या अलीकडेच त्यांची मान माझ्या भावाच्या खांद्यावर पडली. हे सारे खरे आहे. पण नर्सिंगचा अर्ज मी त्याच्या दोन महिने आधीच भरला होता, कारण तिथे विद्यावेतन मिळत होते, वसतिगृह होते, आणि मागे तीन बहिणी लग्नाच्या होत्या. पुढे लोक विचारू लागले, ‘नर्स का झालात?’ तेव्हा वसतिगृहाचे कारण सांगण्यापेक्षा वडिलांचे सांगणे शोभून दिसे. वर्षानुवर्षे तेच सांगितल्यावर मलाही ते पूर्ण खरे वाटू लागले. माणूस कामाला लागतो एका कारणाने आणि सांगतो दुसरेच. तुझी कारणे वाचताना हे मला सतत आठवत होते.

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षे मी अपघात विभागात काढली. रुग्णवाहिका मी आतून फारशी पाहिलेली नाही. पण तिचे मागचे दार उघडून जो कोणी स्ट्रेचर खाली घेतो, तो कसा आहे हे पहिल्या मिनिटात ओळखायला मी शिकले. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णासाठीची जादा यंत्रसामग्री होती आणि उरलेल्या ७०४ साध्या होत्या. त्याआधी आमच्या दारात यायच्या त्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर, आणि एकदा तर दुधाची गाडी. कोण आले, केव्हा पडले, वाटेत काय झाले, हे सांगणारे कोणी नसे. नंतर निदान एक माणूस तरी दारातच बोलू लागला, की वय अंदाजे चाळीस, उसाच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकली, शुद्ध नाही, रक्तदाब इतका, सलाईन इतक्या वाजता लावले. हातमोज्याच्या पाठीवर पेनाने वेळा लिहून आणणारे मी पाहिले आहेत. गळित हंगामात रात्रीच्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते झोपेतही म्हणू शकेन.

त्यांतली एक रात्र तुला सविस्तर सांगते. पौष महिन्यातली रात्र होती आणि असळजच्या बाजूच्या ऊसतोड कामगारांच्या पालावरून एक बाई आली. जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली होती. मण्यार चावल्याचे बहुतेकदा जाणवतही नाही, दुखत नाही की सुजत नाही; पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते आणि मग श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. हृदय मात्र चालू असते. अशा वेळी कोणीतरी श्वास देत राहिले, तर माणूस परत येण्याची शक्यता असते. त्या गाडीवर पंचविशीची एक बीएएमएस झालेली डॉक्टर होती. अर्ध्या वाटेत बाईचा श्वास थांबला, तेव्हापासून ती अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबत आली होती. कळे मागे टाकून, बालिंग्याचा पूल ओलांडून, आमच्या दारापर्यंत. आम्ही बाईला व्हेंटिलेटरवर घेतले, सर्पविषावरचे प्रतिविष सुरू केले, आणि मग मी त्या मुलीच्या हातात चहाचा कप दिला, तर तो तिला धरता येईना. बोटे वळून आखडली होती. मी एकेक बोट चोळून सरळ केले. ‘या कामात कशी आलीस?’ असे मी सहज विचारले, तर ती म्हणाली, ‘पीजीची तयारी करतेय सिस्टर, तोवर हे.’ तोवर हे! बाई आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. ती मुलगी पुढे तयारीत यशस्वी झाली की नाही, ते मला कळले नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही लिहायला हवे. सेवा हा शब्द घेऊन आलेले कितीतरी जण मी दीड-दोन वर्षांत निघून गेलेले पाहिले. त्यांना मी वाईट म्हणत नाही. सेवेच्या मनात कुठेतरी कृतज्ञतेची अपेक्षा दडलेली असते, आणि या कामात ती क्वचितच मिळते. रुग्ण शुद्धीवर नसतो, नातेवाईक गाडी उशिरा आली म्हणून अंगावर धावून येतात, दारू प्यायलेला माणूस कॉलर धरतो, आणि ज्याला वाचवले त्याला तुमचे नावही माहीत नसते. मी ज्या एका ठिकाणी काम केले, तिथे तर स्ट्रेचर रिकामे करून द्यायला आम्हीच गाडी अर्धा-अर्धा तास अडकवून ठेवत असू, कारण आत खाट नसे. त्याबद्दल त्या लोकांची माफी मागायची माझी अजून राहिलेली आहे. थरारासाठी आलेले याहून लवकर जातात. सायरन लावून धावण्याचे प्रसंग थोडे, आणि वृद्धाला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणण्याचे, गरोदर बाईला वेळेत पोहोचवण्याचे, ‘रेफर’ केलेला रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचे प्रसंग पुष्कळ.

महापुराचे तू लिहिलेस ते मला समजते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, आणि शाहूपुरीत बोटीतून उतरवलेल्या आजीला ऑक्सिजनचा सिलिंडर धरून नेणाऱ्या त्या दोन मुलांकडे तू कशी पाहत होतीस, ते मी तुझ्या शेजारी उभी राहून पाहिले आहे. पण असा पूर या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिला. त्यांच्या मधल्या सगळ्या वर्षांतल्या पाळ्यांचे काय? तुझ्या पत्रात त्या मुलांच्या धैर्याबद्दल एक पूर्ण पान आहे, सिलिंडर भरलेला होता हे मात्र एका शब्दानेही नाही. तो आदल्या दिवशी कोणीतरी काटा बघून भरून ठेवला होता.

मला भेटलेला सर्वांत भरवशाचा माणूस डॉक्टर नव्हता, गाडीचा चालक होता. त्यांना पायलट म्हणतात हे तुला माहीत आहेच. आधी तो वडाप चालवायचा. पोलिसांचा दंड आणि बेभरवशाची कमाई यांना कंटाळून त्याने ही नोकरी धरली, एवढेच त्याचे कारण. पण कुठल्या गावाच्या वेशीवर स्पीडब्रेकर आहे हे त्याला पाठ होते, आणि मणक्याला मार लागलेला रुग्ण असला की गाडी तो अशी आणायचा की सलाईनची बाटलीसुद्धा हलू नये. रुग्ण आमच्या ताब्यात दिला की तो नळावर स्ट्रेचर धुवायचा, पट्टे मोजायचा, सक्शन मशीन एकदा चालू करून बघायचा, आणि मगच टपरीवर जायचा. हे करायला त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याला ते काम आवडत होते, असे मला वाटते, जसे एखाद्याला शेताचा बांध नीट घातलेला आवडतो.

आमच्या एका प्रशिक्षणात ऐकलेली हकिगत इथे सांगावीशी वाटते. पीटर साफर नावाचे भूलतज्ज्ञ अमेरिकेत पिट्सबर्गला होते. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर त्यांनी मोठे काम केले होते. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्या काळी त्या शहरात रुग्णाला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत, आणि वाटेत उपचार देणारे कोणी नसे. पुढच्याच वर्षी साफरांनी तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या माणसांना शिकवून फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा उभी करण्यास मदत केली. ही माणसे बेरोजगार होती आणि नोकरीला नालायक ठरवली गेली होती. शिकवणाऱ्याच्या मनात मुलीचे दुःख होते आणि शिकणाऱ्यांपुढे पोटाचा प्रश्न. आधुनिक पॅरामेडिकचे, म्हणजे वाटेतच उपचार करणाऱ्याचे, काम ज्या थोड्या ठिकाणी पहिल्यांदा आकाराला आले, त्यांत फ्रीडम हाऊसची गणना होते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडली. तो भाग ऐकून आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. गाडीतल्या रुग्णाला यातल्या कोणाचे कारण काय होते, याच्याशी काही देणेघेणे नव्हते.

तुझ्या योजनेत मला एक व्यावहारिक अडचण दिसते, ती आधी सोडव. आपल्याकडे १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. इतर अनेक राज्यांत त्या जागी तंत्रज्ञ असतो. म्हणजे पदविका घेऊन तू बाहेर पडलीस, तर महाराष्ट्रात तुला खाजगी रुग्णालयाची रुग्णवाहिका किंवा अपघात विभाग शोधावा लागेल, किंवा राज्याबाहेर जावे लागेल. नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात. गेल्या तीन तुकड्यांतली मुले आज कुठे आहेत, हे संस्थेच्या माहितीपत्रकावरून न ठरवता त्या मुलांनाच भेटून विचार.

आणि पुढच्या पत्रात मला कारणे लिहू नकोस. पुण्याला तू पंधरा दिवस त्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेबरोबर फिरलीस, त्यातल्या तीन अपघातांची हकिगत मी वाचली. ज्या रात्री एकही कॉल आला नाही, त्या रात्री तू काय केलेस? गाडीतले खण कोणत्या क्रमाने लावलेले होते, मानेची कॉलर किती मापांची होती, कशाची मुदत संपत आली होती, हे तुला आठवते का? न विचारता तू ते पाहिले असशील, तर मला अधिक काही विचारायचे नाही. पोस्टातली आवर्ती ठेव पुढच्या महिन्यात मोडते आहे, फीचा पहिला हप्ता त्यातून होईल.

बाबांना रात्रपाळीची काळजी वाटते. त्यांची समजूत मी घालीन असे धरून चालू नकोस. माझ्या रात्रपाळ्यांबद्दलही ते पहिली सहा वर्षे बोलत नव्हते, आणि मग एका पहाटे आपणहून स्कूटर घेऊन गेटवर येऊन थांबू लागले. सोमवारी दुकान बंद असते. दुपारी जेवण झाल्यावर फोन कर, सकाळी नको. सकाळी ते रंकाळ्यावरून येतात तेव्हा बातम्या ऐकत असतात.

तुझी,
आई