नायब तहसीलदार मॅडमना, मेसवाल्या आईकडून

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

चौकातला तुझा फ्लेक्स काल महापालिकेच्या गाडीनं काढून नेला. बरं झालं. तुझ्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे, आणि त्यातल्या निम्म्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सत्काराच्या शाली मेसमधल्या बायकांना वाटून टाकल्या, थंडीत पहाटे कणीक मळायला येतात त्यांच्या उपयोगी पडतील. नारळ चटणीत गेले. स्मृतिचिन्हांचं काय करायचं ते मात्र तूच ठरव, माझ्या माळ्यावर जागा नाही.

फोनवर सगळं बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, हो आई" करत दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप करत असतेस. म्हणून कागद घेतला. आता रुजू होशील, परिविक्षाधीन म्हणून, म्हणजे उमेदवारीच्या काळात, इकडून तिकडे फिरशील, मग वेळ मिळायचा नाही.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना जेवू घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तूही त्याच टेबलांमधून फिरत मोठी झालीस. लातूर, नांदेड, बुलढाणा, धुळे, कुठकुठून येतात पोरं. सकाळी उजाडायच्या आत अभ्यासिकेत जागा धरायची, दीडला आपल्याकडे, महिन्याच्या कार्डावर टिकमार्क, महिनाअखेर खाड्यांवरून माझ्याशी हुज्जत आणि रविवारी फीस्टला आमटी नको म्हणून कुरकुर. या सगळ्यात मी एक गोष्ट अगदी जवळून बघितली. ज्याची पोस्ट निघाली आणि ज्याची नाही निघाली, त्यांच्या हुशारीत मला कधी फार फरक दिसला नाही. खिडकीजवळच्या टेबलावरची ती जोडी आठवते? एकाच्या नोट्स दोघं वापरायचे. वापरणारा आज उपजिल्हाधिकारी आहे. ज्यानं त्या लिहिल्या तो दोन मार्कांनी गेला, पुढच्या वर्षी जाहिरातच आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी वडील गेले. गावी दूध संकलन केंद्र चालवतो आता. लाखांनी अर्ज आणि शेकड्यांनी जागा, तिथे असंच होणार. तू मेहनत केलीस, त्यात खोट नाही, पण तुझ्याइतकीच मेहनत करून परत गेलेल्यांची ताटं मी उचलली आहेत. यादीत नाव आलं म्हणून आपण वेगळ्या मातीचे झालो असं तुला कुणी पटवू लागलं, तर त्या दूधवाल्याला एक फोन कर. इतिहासात तो तुझ्यापेक्षा पक्का आहे.

पोस्ट निघाल्यावर पोरं भेटायला येतात. काही जण गाडी रस्त्यात थांबवून ड्रायव्हरला आत पाठवतात, "साहेब आलेत." मी कढई सोडून बाहेर जात नाही, हे तुला माहीतच आहे. एक फौजदार झालेला मुलगा येतो तो थेट पिंपाकडे जाऊन स्वतःच पाणी भरून घेतो आणि जेवल्यावर ताट मोरीत ठेवतो. आपल्या भिंतीवरची पाटी, "वाढणाऱ्या मुलांना 'ए' म्हणू नये, त्यांना नावे आहेत", ती पुणेरी विनोद म्हणून लोक फोटो काढून नेतात. मी विनोद म्हणून लावलेली नाही.

आता मावशींचं. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी गुडघे गेल्यावर काम सोडून बसल्या, ते तुला ठाऊक आहे. पुढचं तू अभ्यासात होतीस म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना निराधार योजनेचे पैसे सुरू झाले, दरमहा 1500 रुपये. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी तो कागद कुठेतरी अडकला आणि पैसे थांबले. कचेरीत सांगितलं, बँकेत जा. बँकेत सांगितलं, कचेरीत जा. अंगठा लावायला गेल्या तर मशीन अंगठा घेईना. कुठून घेईल? जन्मभर गरम तवा, भांड्यांची राख आणि ज्वारीचं पीठ. बोटांवर रेषा उरल्यात कुठे? रेशनच्या दुकानातही त्यांचं तेच होतं, "अंगठा लागत नाही, उद्या या." त्या दिवशी मावशी माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी जित्ती हाय, ह्ये म्या सांगून चालंना बया."

मग मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. रांग मोठी. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता पुन्हा तेच सांगितलं. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांना पैसे नको होते, उर्मटपणाही नव्हता. फक्त त्यांनी वर बघितलं नाही. शेजारच्या टेबलावर एक कोवळा कारकून होता, तुझ्याच वयाचा. तो उठला. टेबलाला वळसा घालून अलीकडे आला, मावशींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला केला आणि त्यांची बोटं एकेक करून पुसली. लहान मुलाचे हात पुसतात तशी. अंगठा नाही लागला. तर्जनी नाही. मधलं बोट नाही. "आजी, जोर नका देऊ, नुसतं ठेवा," म्हणत त्यानं करंगळीशेजारचं बोट काचेवर टेकवलं आणि मशीन वाजलं. भाकरी थापताना त्या बोटावर भार कमी येत असावा, दुसरं काय!

त्या मुलाला कुठलाही जादा अधिकार नव्हता, गौरी. जो नियम त्या बाईंना होता तोच त्यालाही होता. तुझं टेबल कधीतरी याच योजनेचं असेल. नायब तहसीलदाराकडे हे काम असतं, हे मला त्या फेऱ्यांमध्येच कळलं.

पालखीच्या मुक्कामाला नाना पेठेत आणि भवानी पेठेत जी गर्दी उसळते ती तू पाहतेस. वारकऱ्याला केळं देणारे असतात, म्हणजे केळं एक आणि ते धरलेले हात सहा, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. वारकरी बिचारा केळं कधी हातात येतंय म्हणून उभा. आणि जरा पुढे कडेला चप्पल शिवणारे बसलेले असतात, दिवसभर वारकऱ्यांच्या तुटक्या वहाणा शिवत, एक पैसा न घेता. त्यांनाही फोटोचं वावडं नसेल, पण मान वर करायला सवड कुठाय! हे सांगायचं कारण म्हणजे तुमच्या खात्यातही हल्ली मोबाइलवाला माणूस बरोबर घेऊन फिरायची पद्धत पडली आहे. मला त्यातलं फार कळत नाही. पण म्हातारीला चेक देतानाचा तुझा फोटो मला पाठवू नकोस. पाठवायचाच तर टपरीवर चहा पितानाचा पाठव.

तुमच्या टेबलांवर सनावळ्या घोकल्या जायच्या, त्या वाढता वाढता माझ्याही पाठ झाल्या. पण 1897 हे साल माझ्या डोक्यातून जात नाही. पुण्यात प्लेग. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि प्लेग कमिटीवर अध्यक्ष म्हणून रँड आला. आयसीएस. म्हणजे तोही अधिकाऱ्यांच्या सर्वांत वरच्या सेवेतला, साताऱ्यात काम करून आलेला. त्याच्या हाताशी कायदा होता, गोरे शिपाई होते. साथ थोपवायचा हेतू खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण शिपाई बूट घालून घरात घुसले, माणसांना उघड्यावर तपासलं, सामानसुमान जाळलं, आणि लोक प्लेगपेक्षा तपासणीला जास्त भिऊ लागले. त्याच प्लेगात, त्याच शहराच्या कडेला, हडपसरजवळ सासाणे मळ्यात डॉक्टर यशवंत फुले दवाखाना चालवत होते आणि सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे आणत होत्या. वय 66. मुंढव्याजवळच्या वस्तीतलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रँडला 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंची गोळी लागली, व्हिक्टोरिया राणीच्या समारंभाहून परत येताना. समारंभ होता गव्हर्नराच्या बंगल्यात. तो बंगला म्हणजे आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. 2014 पासून त्या विद्यापीठाला नाव कुणाचं आहे, ते तुझ्या पदवीच्या कागदावर बघ.

चाफेकरांनी केलं ते योग्य की अयोग्य यावर तुम्ही पोरांनी माझ्या दोन फीस्ट थंड केल्या होत्या, तो वाद मला पुन्हा उकरायचा नाही. मला एवढंच दिसतं की सगळा अधिकार होता त्याच्यापुढे लोकांनी दारं लावून घेतली, आणि जिच्याकडे शिक्का नव्हता की शिपाई, तिच्या पाठीवर आपलं पोर दिलं. तो कायदा अजून आहे. मार्च 2020 मध्ये करोनासाठी आपल्याकडे तोच लागू केला होता. तेव्हा अडकून पडलेल्या पोरांना डबे पोचवताना मला चौकाचौकात अडवलं जायचं. एक साहेब पास बघायच्या आधी ओरडायचे. एक बाई पास बघून म्हणायच्या, "काकू, मास्क नाकावर घ्या आणि किती डबे आहेत ते सांगा, परतताना विचारणार नाही." कायदा दोघांनाही एकच होता.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आई मला गरीब गाय व्हायला सांगतेय. मुळीच नाही. तुला मुलाखतीत मिळालेल्या मार्कांपेक्षा, मुलाखतीहून येऊन तू जे सांगितलंस त्याचा मला जास्त आनंद झाला होता. नाही आलं त्या प्रश्नाला तू सरळ "माहीत नाही, सर" म्हणालीस. गोलगोल बोलली नाहीस, आणि बाहेर येऊन रडलीही नाहीस. ज्याला आपल्याला काय येतं ते पक्कं ठाऊक असतं, त्यालाच हे जमतं. आता त्याच आवाजात "होणार नाही" म्हणायला शीक. कारण येतील. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चिठ्ठी न पाठवता आत येईल, टेबलावर हात टेकून म्हणेल, "मॅडम नवीन आहात, एवढं करून टाका." त्याच्याशी आवाज चढवू नकोस आणि ओशाळवाणं हसूही नकोस. होत नसेल ते होत नाही म्हणून सांग, कारणासकट लेखी दे आणि अपील कुणाकडे करायचं तेही सांग. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा, तुलाच पाठ होता. त्या गर्दीतल्या म्हातारीलाही तू हेच द्यायला बांधील आहेस, हे विसरू नकोस. "उद्या या" हे त्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

आणि जे येत नाही ते अव्वल कारकुनांना विचार. तीस वर्षं फायली हाताळलेला माणूस तुझ्या हाताखाली असेल आणि तुला पहिल्या दिवशी जोखेल. विचारलंस तर शिकवेल, नाही विचारलंस तर सही करताना गप्प बसेल. शिपाई, कोतवाल वयानं मोठे असतील तर "अहो" म्हण. घरी शिकलीस तेच, वेगळं काही नाही.

आता नातेवाईक. तुझ्या मामाचा फोन आला होता. त्याच्या वाटणीच्या जमिनीवर नाव लावायचा फेरफार अडलाय आणि "आता काय, आपली गौरीच आहे" असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, गौरी त्या जिल्ह्यात नाही, आणि असती तरी नोटिशीचे 15 दिवस तिच्या मामालाही 15 च. तो म्हणाला, "ताई, तू कधीपासून महसूल शिकलीस?" म्हटलं, तुम्हाला वाढता वाढता. तो रुसलाय. दिवाळीला येणार नाही म्हणतो, पण येईल, त्याला आपली कडबोळी आवडतात. तुझ्याकडे थेट आला तर बसव, चहा दे, अर्ज कुठे करायचा ते सांग आणि स्टेशनवर सोडायला सरकारी गाडी देऊ नकोस. असे आणखी चारपाच येतील. त्यांना माझं नाव सांग, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे, मला सवय आहे. खाड्याचे पैसे न देणारी बाई म्हणून अर्धी पेठ मला ओळखते.

शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कडबोळी पाठवतेय. बाबांनी छत्री बांधून ठेवली आहे, ती ने. आणि डबे परत आण. मागच्या वेळचे दोन स्टीलचे तू प्रशिक्षणाच्या होस्टेलवरच विसरलीस, त्यातला एक मावशींचा होता.

तुझी,
आई