हायब्रीड मोटारींच्या तुलनेत डिकीही मोजली जावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या आसपास वर्तमानपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांमधून हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या, मोटारींच्या तुलनेचे तक्ते छापून येतात. आमच्या घरी गाडी बदलायची असल्याने गेली दोन वर्षे असे तक्ते मी कापून जपून ठेवले आहेत. त्या सर्वांत ॲव्हरेजचा आकडा सर्वांत ठळक आणि दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो. डिकीचा आकडा असलाच तर तो बहुधा त्याच नावाच्या पेट्रोल गाडीचा असतो, आणि गाडी कोणत्या कारखान्यात तयार होते याचा तर उल्लेखच नसतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. मोजमाप अर्धवट राहिले की त्यावरचा निष्कर्ष चुकतो, हे मुलांना सांगता सांगता माझ्याही अंगवळणी पडले आहे; म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि घराबाहेर पडताना त्यांना चाकांची खुर्ची लागते. मागच्या महिन्यात मी आणि माझा मुलगा ती खुर्ची घेऊनच एका शोरूममध्ये गेलो. माहितीपत्रकातला डिकीचा आकडा आम्हाला पुरेसा वाटला होता. प्रत्यक्षात डिकीचे झाकण उघडले तेव्हा आतली जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर उंच होती. खुर्ची आडवी घातली तर झाकण लागेना, उभी ठेवली तर मागची काच आड येई. विक्रेता मुलगा सौजन्यशील होता. तो म्हणाला, "काकू, बॅटरी खाली असते ना, म्हणून. पत्रकातला आकडा साध्या मॉडेलचा आहे." मागच्या आसनाची अर्धी पाठ पाडल्यावर खुर्ची आत गेली, पण मग मागे बसायला एकच माणूस उरला, आणि आम्ही घरात पाच जण आहोत. खुर्ची सोबत नेली नसती, तर ही गोष्ट गाडी दारात आल्यावर कळली असती.

ही एका गाडीची गोष्ट नाही. स्ट्राँग हायब्रीड गाडीत इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि ती चालवणारी उच्च दाबाची बॅटरी असते, आणि ती बॅटरी कुठेतरी ठेवावीच लागते. होंडा सिटीच्या पेट्रोल आवृत्तीची डिकी ५०६ लिटरची आहे. हायब्रीड आवृत्तीत ती ३०६ लिटर उरते. मारुती ग्रँड व्हिटाराच्या साध्या आवृत्तीत ३७३ लिटर, तर स्ट्राँग हायब्रीडमध्ये २६५ लिटर जागा मिळते. टोयोटा हायरायडर हे तिचेच भावंड असल्याने तिचीही गत फारशी वेगळी नाही. सीएनजी गाडीची टाकी डिकी खाते हे आता घरोघरी ठाऊक आहे, आणि लोक ते हिशेबात धरूनच गाडी घेतात. हायब्रीडच्या बॅटरीबद्दल मात्र तेवढे कोणी बोलत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. या तिन्ही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,६०० मिलिमीटर आहे आणि बसायच्या जागेला बॅटरीने हात लावलेला नाही. पाय पसरायला जेवढी जागा पेट्रोल गाडीत, तेवढीच हायब्रीडमध्ये. फरक पडतो तो बसण्याच्या उंचीचा. सिटी ही सेडान असल्याने तिच्यात वाकून उतरावे लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून बाहेर येताना दुसऱ्याचा हात लागतो. इनोव्हा हायक्रॉसमध्ये बॅटरी पुढच्या आसनांखाली बसवली आहे, म्हणून सामानाची जागा तिच्यापायी गेलेली नाही. तिच्या चाकांमधले अंतर २,८५० मिलिमीटर असल्याने तिसऱ्या रांगेतही मोठी माणसे बसू शकतात. मात्र ती पावणेपाच मीटर लांब आहे, आणि आमच्या कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांच्या वाहनतळात ती लावायची कशी, हा प्रश्न किमतीइतकाच मोठा आहे.

आता ॲव्हरेजविषयी. कंपन्यांच्या दाव्याप्रमाणे ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रीड आवृत्त्या लिटरला २७.९७ किलोमीटर देतात, सिटी हायब्रीड २७.१३ आणि हायक्रॉस हायब्रीड २३.२४. पहिल्या दोन आकड्यांतला फरक तक्त्यात डोळ्यांत भरतो. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाला मात्र त्या फरकाने किती पेट्रोल वाचेल, हे कोणीही कागदावर करून पाहावे. २७.१३ ने ४४२ लिटर लागतील आणि २७.९७ ने ४२९, म्हणजे सबंध वर्षात १३ लिटर. एवढ्यासाठी एक गाडी 'जिंकली' आणि दुसरी 'हरली' असे लिहिणे योग्य नाही. आता हायक्रॉसचीच पेट्रोल आवृत्ती घ्या. तिचा दावा १६.१३ किलोमीटरचा आहे, आणि तिच्याऐवजी हायब्रीड घेतली तर त्याच अंतरात सुमारे २२८ लिटर वाचतात. ॲव्हरेज जसजसे वाढते, तसतशी पुढच्या प्रत्येक किलोमीटरमागची बचत आक्रसत जाते. म्हणूनच लिटरला किती किलोमीटर याच्या जोडीला १०० किलोमीटरला किती लिटर हाही आकडा छापला, तर वाचकाचा गोंधळ आपोआप कमी होईल.

शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, गाडी रोलरवर उभी करून होते. सुमारे २० मिनिटांत साधारण साडेदहा किलोमीटर अंतर तोडायचे, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद, असे तिचे स्वरूप आहे. मे महिन्यात नगर रस्त्यावर एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो? आकडे खोटे आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. सर्व गाड्या एकाच कसोटीवर घासल्या जातात, म्हणून तुलनेपुरते ते उपयोगीच आहेत. पण हायब्रीड गाडीचा स्वभाव साध्या गाडीच्या उलट असतो, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. साधी गाडी महामार्गावर जास्त आणि शहरात कमी ॲव्हरेज देते. हायब्रीड गाडी सिग्नलला इंजिन बंद करते, रांगेत बॅटरीवर सरकते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत साठवते, त्यामुळे चांदणी चौक ते हिंजवडी अशा तुंबलेल्या रस्त्यावर तिचे खरे चीज होते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने सलग जाताना मुख्य भार इंजिनावरच पडतो आणि तिचा वरचष्मा बराच कमी होतो. घाट उतरताना बॅटरी भरते हे खरे, पण हायरायडरची बॅटरी एक युनिटसुद्धा वीज साठवत नाही. ताम्हिणीसारखा घाट संपायच्या आत ती भरते आणि पुढच्या उतारावरची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही.

म्हणून हायब्रीड कोणी घ्यावी, याचे उत्तर रोजच्या रस्त्यावर अवलंबून आहे. समजा, साधी गाडी शहरात १४ किलोमीटर देते आणि हायब्रीड २१, दोन्हींच्या किमतीत ३ लाखांचा फरक आहे आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाकाठी सुमारे ३०,००० रुपये वाचतील आणि जादा किंमत वसूल व्हायला दहा वर्षे जातील. वर्षाला २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याची ती पाच वर्षांच्या आत होईल. टोयोटा आणि होंडा या बॅटरीची ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. पहिल्या माणसाचा हिशेब त्या हमीच्या पलीकडे जातो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

'हायब्रीड' या शब्दाचाही खुलासा तक्त्यात असला पाहिजे. माइल्ड हायब्रीड गाडीत छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, गाडी एकट्या विजेवर चालत नाही. ग्रँड व्हिटाराच्या अशा मॅन्युअल आवृत्तीचा दावा २१.११ किलोमीटरचा आहे. दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली छापल्याने माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची फसगत झाली आहे.

शेवटी गाडी बनते कुठे, याविषयी. २००८ ची होंडा सिव्हिक हायब्रीड आणि २०१० ची टोयोटा प्रियस या दोन्ही गाड्या जपानमधून तयार होऊन येत, आणि त्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्यात कधी आल्याच नाहीत. चित्र बदलले ते गाड्या इथे बनू लागल्यावर. सिटी हायब्रीड राजस्थानातल्या तपुकारा येथे तयार होते. ग्रँड व्हिटारावर मारुतीचे नाव असले, तरी ती २०२२ साली आली तेव्हापासून हायरायडरच्या बरोबरीने टोयोटा किर्लोस्करच्या बंगळुरूजवळील बिडदी कारखान्यात बनू लागली. हायक्रॉस आणि तिची जुळी बहीण मारुती इन्व्हिक्टो याही तिथल्याच. म्हणजे तक्त्यात ज्या दोन कंपन्या एकमेकींसमोर उभ्या केलेल्या असतात, त्यांच्या गाड्या एकाच छपराखालून बाहेर पडतात, आणि निवड करायची ती किंमत, सेवा केंद्र आणि सोयी यांची. या कारखान्याच्या नावातले 'किर्लोस्कर' हे किर्लोस्करवाडीच्या घराण्याचे आहे याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. हायक्रॉसचे अनावरण २५ नोव्हेंबर २०२२ रोजी झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी टोयोटा किर्लोस्करचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले, ही आठवण आजही चटका लावते. ३१ जुलै २०२४ रोजी याच कंपनीने छत्रपती संभाजीनगरजवळ सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला आहे. तो प्रकल्प उभा राहिला, तर हायब्रीडचा प्रश्न मराठवाड्यातल्या तरुणांच्या रोजगाराचाही होईल.

माझी विनंती एवढीच की पुढच्या तुलनेत हायब्रीड आवृत्तीच्या डिकीचा आकडा वेगळा द्यावा, शहरातले आणि महामार्गावरचे ॲव्हरेज वेगवेगळे मोजून लिहावे आणि कारखान्याचे गाव नमूद करावे. लिटरमधल्या आकड्यावरून सामान बसेल की नाही हे कळत नाही, म्हणून डिकीची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजावी. आमच्या खुर्चीची घडी घातल्यावरची मापे लांबी ९५, उंची ८८ आणि जाडी ३० सेंटिमीटर अशी आहेत. आपल्या प्रतिनिधींनी मागची आसने न पाडता ती कोणत्या गाडीत मावते एवढे छापले, तर आम्ही त्याच आठवड्यात गाडीची नोंदणी करू.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे