बाबांच्या जॅकेटला सुई लावण्याआधी

सांगली, १० जुलै

ती. बाबा आणि आईस, शि. सा. न. वि. वि.

आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीच्या बरंच खाली आहे, तेव्हा बातम्या बघून काळजी करू नका.

बाबा, तुमच्या चामड्याच्या जॅकेटबद्दल लिहायचंय. फोनवर तुम्ही "तुला हवं तसं कर" म्हणून विषय संपवता, म्हणून पत्र.

दिवाळीत तुम्ही ते घालून आरशासमोर उभे राहिलात. ऑपरेशननंतर तुम्ही उतरलात हे माहीत होतं, पण खांद्याची शिवण दंडावर आलेली पाहिली तेव्हा किती ते कळलं. तुम्ही ते काढून माझ्या हातात दिलंत, "तुझ्या मापाचं करून घे." मी मान हलवली, पण मनात ठरलं होतं. ते मी तुमच्याच मापाचं करायला आणलंय.

आधी एक कबुली. पहिल्या टेलरने कापडाला लावतात तशा टाचण्या लावल्या. मी अडवेपर्यंत उजव्या बगलेखाली चार भोकं पडली होती. कापडात टाचणी काढली की धागे सरकून पुन्हा जागेवर बसतात. चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माफ करा, बाबा.

आता मिरजेत एक कारागीर मिळालेत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपलांचं काम. ते स्वतः बॅगा शिवतात. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे आहेत, हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं. त्यांनी बाहीच्या अस्तराची शिवण थोडी उसवली, आत हात घातला आणि बराच वेळ नुसतं चाचपत राहिले. मग क्लिपा लावून मला दाखवलं. दोन्ही बाजू बगलेपासून खालपर्यंत आत घ्यायच्या, बाह्याही तशाच. टाका लांब घालणार, कारण बारीक टाक्यांनी चामडं पोस्टाच्या तिकिटांसारखं त्या रेषेवर फाटतं. शिवणीवर इस्त्री चालत नाही, म्हणून आतली घडी सोल्यूशनने चिकटवून हातोडीने बसवायची. खांदा मात्र मोठं काम आहे. बाही आणि कॉलर दोन्ही सोडवावे लागतील. "त्याचं मालकांना विचारा," म्हणाले.

दुसरा प्रश्न आत गेलेल्या चामड्याचा. ते कापून टाकलं तर शिवण सपाट बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी थांबवलंय. तुमचं वजन भरून आलं तर सैल करता यायला हवं. तेव्हा आत्ताच्या टाक्यांची भोकं ओळीने दिसतील, ती मला चालतील. बोटभर चामडं ठेवून ते रापीने तासून पातळ करायला ते तयार झालेत. यवतेश्वरच्या घाटात राजदूत मोटरसायकलवर मी याच पाठीला गाल लावून बसायचे. पावसात त्याला येणारा वास मला अजून आठवतो. त्यातला तुकडा कापून टाकायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

आई, अस्तर विरलंय, ते नवं घालावं लागेल. पण डाव्या खिशाजवळ तू निळ्या धाग्याने हाताने शिवलंयस, तेवढा भाग काढून नव्या अस्तरावर लावायला सांगितलाय. आणि ते परत आलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, बुरशी त्यातच धरली होती. जुन्या सुती साडीची पिशवी कर आणि रुंद हँगरला लाव.

तू म्हणालीस, खुंटी रिकामी बघवत नाही. थोडे दिवस थांब.

आता माप. बाबांना हिवाळ्यातला स्वेटर घालायला लाव आणि त्यावरून छाती, पोट, दंड आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धर. त्यांना श्वास आत ओढून उभं राहू देऊ नकोस. बाबा, खांद्याचं काम करायचं की नाही ते तुम्ही स्वतः लिहा. आईच्या अक्षरात आलं तर मी धरणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत जॅकेट माझ्याकडेच आहे, क्लिपा लावलेलं.

तुमची,
लेक