आई-बाबा, गुरुवारी मी येणार नाही

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर घराचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा उद्या सकाळी साताऱ्याला निघतोय, त्याच्या हाती पत्र देते. आई, तू वाचून दाखव. त्याआधी बाबांचं जेवण आणि दुपारची गोळी झालेली असू दे, आणि मध्येच त्यांना उठू देऊ नकोस.

गुरुवारी मी येणार नाही. दस्त लिहिणाऱ्या गृहस्थांना मी काल फोन करून थांबायला सांगितलं आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला आपला नंबरही रद्द करायला सांगितला. तुम्हाला न विचारता केलं. बाबांनी मुद्दाम दत्ताचा वार बघून गुरुवार धरला होता, तेही मला माहीत होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही मला पटवलं असतंत. घर बाबांच्या नावावर आहे, ते बाबांच्याच नावावर राहू दे. घर माझ्या नावावर करणारं बक्षीसपत्र मी घेणार नाही.

बाबा, लगेच मनाला लावून घेऊ नका. मला तुमचं काही नको झालेलं नाही. या घराची एकेक फरशी मला पाठ आहे. मंगळवार तळ्याजवळच्या त्या खोलीतून निघताना आपल्याकडे एक ट्रंक, दोन गाद्या आणि आईची तुळस होती. १९९६ सालचा मे महिना, घरात रंगाचा वास, विजेचं मीटर यायचं होतं. मेणबत्तीच्या उजेडात आईने स्टोव्हवर पिठलं केलं होतं. ताट पुढे ओढता ओढता ती म्हणाली, "आता कुणी उठा म्हणणार नाही." बाबा, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. नुसते भिंतीला हात लावून बसला होतात. मी नऊ वर्षांची होते, पण तुमचा तो हात मला दिसला होता.

मंगळवारी तुम्ही म्हणालात, "फक्त दोनशे रुपयांत होतंय, मुलीला द्यायचं तर आत्ताच." मुद्रांकापुरतं ते खरं आहे. राहतं घर आई-वडिलांनी मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. पण ते दोनशे रुपये भरून तुम्ही काय हातातलं सोडून देताय, हे त्या गृहस्थांनी सांगितलं का? म्हणून मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर इथल्या एका वकीलबाईंकडे गेले.

त्यांच्याकडे दोन खोल्या आहेत आणि मध्ये पातळ प्लायवूडची भिंत. माझ्या आधी एक आजोबा आत होते. तुमच्याच वयाचे, तसाच पांढरा सदरा, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी आणि तिच्यात कागद. मुद्दाम नाही ऐकलं, पण सगळं ऐकू येत होतं. ते विचारत होते, "मुलाच्या नावावर केलेलं घर परत घेता येतं का हो?" वकीलबाईंनी विचारलं, "सांभाळण्याची अट लिहिली होती का त्यात?" थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आजोबा म्हणाले, "मुलाला कसली अट घालायची?"

बाबा, हेच शब्द तुम्ही मंगळवारी म्हणालात. मी बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं. पुढचं सगळं मी नंतर विचारलं, निर्णय तिथेच झाला होता.

वकीलबाईंनी मला नीट समजावलं ते तुम्हालाही सांगते. बक्षीसपत्राची एकदा नोंदणी झाली की देणाऱ्याला, मन बदललं म्हणून, ते फिरवता येत नाही. ज्येष्ठांसाठी २००७ चा निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि समोरच्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. मात्र ती अट असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. पुढे जानेवारी २०२५ च्या एका निकालात न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं आणि एका आईला तिचं घर परत मिळालं. पण विचार करा, ती बाई कुठून कुठवर गेली असेल!  

"मग अट घालून बक्षीसपत्र करता येईल का?" असंही मी विचारलं. येतं. तुम्हाला हयातभर तिथे राहण्याचा हक्क आहे, असंही त्यात लिहिता येतं. त्यांनी एक नमुना वाचायला दिला. "सदर मुलीने लिहून देणार यांचा सांभाळ न केल्यास" असं एक वाक्य होतं. मी तिथून पुढे वाचू शकले नाही. तुमच्या घराचा कागद माझ्या हातात यावा आणि त्यात हे वाक्य असावं, हे मला सहन होणार नाही. आणि ते वाक्य नसलेला कागद तुम्ही करावा, हे त्याहून सहन होणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आई, अशुभ बोलते म्हणून रागावू नकोस, पण लिहायलाच हवं. उद्या घर माझ्या नावावर झालं आणि तुमच्याआधी मलाच काही झालं तर? लग्न झालेल्या हिंदू बाईने मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. म्हणजे ते घर तुमच्या जावयाचं आणि नातीचं होईल आणि तुम्ही त्यांच्या घरात राहाल. जावई सोन्यासारखा आहे, बाबांच्या अँजिओप्लास्टीत चार रात्री तोच बाकावर झोपला होता, मला त्याच्याबद्दल कणभर शंका नाही. मी त्याला हे सगळं सांगितलं, तर तोच आधी म्हणाला, "नको, घर त्यांचंच राहू दे." पण कायद्याला माणूस सोन्यासारखा आहे की नाही हे दिसत नाही. आणि तुम्हाला पुन्हा कुणी, कितीही प्रेमाने, "राहा की" म्हणावं, हेच मला नको आहे. राहा म्हणणारा उठा म्हणू शकतो.

आता तुमचं म्हणणं. "सोसायटीत वारस म्हणून तुझंच नाव लावलंय, मग आज ना उद्या तुझंच ना?" नाही, बाबा. ते नामनिर्देशन आहे. नामनिर्देशित माणूस विश्वस्तासारखा असतो, मालक नसतो. तुमच्यामागे सोसायटीने कुणाशी बोलायचं एवढ्यापुरतं ते नाव. घर वारसांचंच. आणि वारस कोण, तर मृत्युपत्र नसेल तेव्हा आई, दादा आणि मी, तिघांना सारखा वाटा. हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जिने तीस वर्षं तो ओटा पुसला, सोसायटीच्या पाण्यासाठी पहाटे चारला उठली, तिच्या वाट्याला तिसरा हिस्सा! उद्या तिला ते घर विकून माझ्याजवळ लहान घर घ्यावंसं वाटलं तर माझी सही लागेल आणि दादाचीही. त्याला कॅनडातल्या आपल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं लागेल. तो पाठवेलच. पण आईला तिच्या घरासाठी कुणाची वाट बघायला लागावी का?

म्हणून मला बक्षीसपत्र नको, तुम्ही मृत्युपत्र करा. शब्द कानाला कडू लागतो, मान्य. पण त्यात आज काहीच बदलत नाही. तुमच्या हयातीत घर तुमचंच, विकायचं तर विका, भाड्याने द्यायचं तर द्या. उद्या माझ्यावर रागावलात तर फाडून दुसरं करा, शेवटचं असेल तेच खरं. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणीची सक्ती नाही, पण आपण करू, म्हणजे पुढे कुणी प्रश्न काढला तर आधार राहील. घर तुमच्या स्वकष्टाचं आहे, प्रॉव्हिडंट फंडातून काढलेल्या पैशाचं आणि कर्जाचं, डेपोतल्या दुहेरी पाळ्यांचं. ते कुणाला द्यायचं हे तुम्ही एकट्याने ठरवायचं. माझी एकच विनंती आहे, ते आधी आईला द्या. आणि "हयातीपर्यंत राहण्याचा हक्क" असं नको, "पूर्ण मालकी हक्काने" असं लिहा. दोन्हींत फार फरक पडतो.

दादाचं काय, हे तुम्ही विचारणार. त्याने दिवाळीला फोन केला नाही, जूनमध्ये आला नाही, हे मलाही लागलं आहे. पण ज्या रात्री तुम्ही अतिदक्षता विभागात होतात, त्या रात्री तो तिकडून दर तासाला मला फोन करत होता. तुम्हाला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगितलं नाही. आज सांगते. त्याला वगळून सगळं माझ्या नावावर झालं तर तो भांडणार नाही, बाबा. तो गप्प बसेल आणि ते मला जास्त जड जाईल. तुमच्यामागे मला भाऊ हवा आहे.

गावच्या शेताचं वेगळं आहे. ते वडिलोपार्जित, त्यात मुलींचा जन्मापासून हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. आत्यांनी ज्या कागदावर सही केली त्याबद्दल आत्ता नको. पण बाबा, एकदा धाकट्या आत्यांना फोन करा. कशासाठी म्हणून नाही, नुसताच करा.

घरातलं काहीही हलणार नाही. तुमची आरामखुर्ची खिडकीतच राहील, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून. मोरीत धरायला दांडी बसवायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिले आहेत, तुम्ही देऊ नका. गिझरचं बटण खाली घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे आईला स्टुलावर चढावं लागणार नाही. दुधाचा रतीब, पेपर, जिन्याजवळची जास्वंद, सगळं आहे तसंच.

आता मी सांगते तेवढं करा. मी येईपर्यंत कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नको, मुखत्यारपत्रावरसुद्धा नको. ते माणूस असेपर्यंतच चालतं, त्याने वारसाचा प्रश्न सुटत नाही. लोखंडी कपाटातली निळी फाईल काढा. मूळ खरेदीखत, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि घरपट्टीची शेवटची पावती एकत्र ठेवा. मूळ कागद झेरॉक्सला कुणाच्या हाती देऊ नका, मी आले की स्वतः काढून आणेन. साक्षीदार दोन लागतात, आणि बाबांनी सही केलेली दोघांनी पाहिलेली हवी. मी किंवा जावई नको, ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला राहू नये असं वकीलबाई म्हणाल्या. तुमच्याहून वयाने लहान माणसं बघा. डॉक्टरांनाच विचारा, ते एक साक्षीदार होतील आणि बाबांची बुद्धी शाबूत असल्याचा दाखलाही देतील. बाबा, दाखला हा शब्द वाचून चिडू नका, तो सगळेच घेतात. बँकेत जाल तेव्हा ठेवींवरची नावं तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, तुमच्या जुन्या ठेवींवर अजून आजीचंच नाव असेल.

आई, तुझंही मृत्युपत्र करायचं आहे. पाटल्या आणि पोस्टातले पैसे तुझे आहेत. ते कुणाला द्यायचे हे तू ठरव. बाबांना विचारायची गरज नाही, मलाही सांगू नकोस.

पाचवीत गणितात बावीस मार्क पडले होते तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच केली होती. तुम्ही ओळखलीत. मारलं नाहीत, रागावलाही नाहीत. पाटी घेऊन बसलात आणि माझी स्वतःची सही मला शिकवलीत, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. आजही मी तशीच करते. बक्षीसपत्र घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय पुरं होत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा मला ती पाटी आठवली. तुम्ही शिकवलेली ती सही मी या कागदावर करणार नाही, बाबा. मला माफ करा.

शनिवारी सकाळी सहाच्या शिवशाहीने निघते, साडेनऊपर्यंत पोचेन. सोमवारची रजा टाकली आहे, नोंदणी त्या दिवशी करू. स्टँडवर यायचं नाही, जिने उतरायचे नाहीत, मी रिक्षाने येईन. बाबांचं रात्रीचं जेवण आठच्या पुढे जाऊ देऊ नकोस, आई. आणि शुक्रवारी मटकी भिजत घाल.

तुमची,
मनू