पाय वाचला, म्हणून पेन्शन नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याला 1500 चे 2500 केले, ऑक्टोबर 2025 पासून, चांगली गोष्ट आहे, आमच्या चौकात त्याचा बॅनरपण लागला होता. पण ज्यांना या योजनेच्या दारातूनच परत पाठवतात त्यांचं काय, याबद्दल कुठं काही छापून आलेलं दिसलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, कापून छापलं तरी चालेल.

माझा थोरला भाऊ गवंडी. शुगर दहा-बारा वर्षांपासून, त्यात पायाला बधीरपणा, म्हणजे खिळा घुसला तरी कळायचं नाही. एका स्लॅबच्या कामावर सेंट्रिंगचा खिळा लागला, त्याने नेहमीप्रमाणे हळद दाबली आणि गेला कामावर, आठवड्यात बोटं काळी पडली. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, डॉक्टर तर इतके चांगले की आधी फक्त बोटं काढली, जखम वर चढली तेव्हा चवड्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. दुसऱ्या एका डॉक्टरने सरळ गुडघ्याखाली कापा असं सांगितलं होतं. पण हे म्हणाले टाच शाबूत राहिली तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि पुढं कितीतरी दिवस ड्रेसिंग करत करत त्यांनी पाय वाचवला.

आता दिव्यांग प्रमाणपत्राचं. अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर, आधार लागतं, फोटो लागतो, ओटीपी येतो, मग सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी डॉक्टरांचं बोर्ड बसतं तिथं जायचं. पण जखम ओली आहे तोवर बोर्ड अपंगत्वाचे टक्के लावत नाही, सुकल्यावर या म्हणतात. एका अर्थी बरोबर आहे, पायाची शेवटची अवस्था काय राहणार ते आधी कळत नाही. ठराविक मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र देता येतं, पण ते स्वतःहून कुणी सांगत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत घरात रुपया येत नाही, ड्रेसिंगला जायला रिक्षा लागते, वहिनी पण कामावर न जाता दवाखान्यात बसून असतात, नेमक्या त्याच महिन्यांत सरकारच्या लेखी तुम्ही कुणीच नाही. बरं, वहिनी कामावर गेल्या तरी पंचाईत, कारण योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी, दोन घरची धुणीभांडी धरली की तेवढे होतात. तलाठ्यापुढं खरं बोलावं की खोटं हे प्रत्येक घराने आपापलं ठरवायचं.

शेवटी जखम सुकली, बोर्ड झालं, 30 टक्के.

आम्हाला वाटलं काहीतरी चुकलंय. पण चुकलेलं काहीच नव्हतं. टक्के मोजायचं टेबल केंद्र सरकारने ठरवून दिलंय, त्यात सगळी बोटं गेली तर 20, चवड्यापर्यंत गेलं तर 30, पावलाच्या मध्यापर्यंत गेलं तर 40, गुडघ्याखाली गेलं तर कुठं कापलंय त्याप्रमाणे 60 नाहीतर 70. डॉक्टरांनी टेबलात बघून आकडा टाकला, त्यांचा काय दोष. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने रेषा आखलीय 40 वर. चाळीस किंवा वर असाल तर पेन्शन, एसटीची सवलत, सगळं, एकोणचाळीस असाल तर शून्य. दिव्यांगाचं कार्ड मिळतं, नाही असं नाही, पण पांढरं. 40 पासून पुढं पिवळं, 80 पासून पुढं निळं. रेशनकार्डात पण पांढऱ्यावर काही मिळत नाही आणि इथंही पांढऱ्यावर काही मिळत नाही, रंग निवडणाऱ्याने महाराष्ट्र बघून निवडला की काय कुणास ठाऊक.

बोर्डाच्या बाहेर एकजण (तिथं रोज पडीक असतात ते) दादाला तोंडावर म्हणाला, डॉक्टरने अजून चार बोटं वर कापलं असतं तर योजनेत बसला असता की हो. दादा हसला. मला नाही हसू आलं. कारण तो बोलला ते शंभर टक्के खरं होतं, ज्या डॉक्टरने जीव लावून पाय वाचवला त्याच्यामुळे महिन्याचे 2500 गेले असाच हिशोब कागदावर निघतो.

साहेब, चवडा गेल्यावर गवंड्याचं काय होतं ते सांगतो. गवंडी उभा राहतो तो चवड्यावर. परांचीवरच्या फळीवर तोल चवड्याने सांभाळायचा, गिलाव्याची थापी वर मारायची तर चवड्यावर उचलावं लागतं, फरशी बसवायची तर तासनतास उकिडवं, तेही चवड्यावर. टाचेवर माणूस उभा राहतो हे डॉक्टरांचं खरंच आहे, घरात फिरतो, संडासला स्वतः जातो, पण शिडी चढू शकत नाही. दादाने एकदा खालच्या खाली विटा रचायचं काम घेऊन बघितलं, दुपारपर्यंत पट्टी लाल. ठेकेदाराने हात जोडले. बांधकाम कामगार मंडळात नाव आहे, पण तिथं अपंगत्वाची मदत 75 टक्क्यांपासून.

मी तालुका कोर्टाबाहेर टायपिंग करतो. माझा चवडा गेला असता तर दुसऱ्या महिन्यात मी परत खुर्चीवर बसलो असतो, कमाईत दहा रुपयांचा फरक पडला नसता. मलाही 30 आणि दादालाही 30. टेबल शरीर मोजतं, धंदा मोजत नाही.

आणि धंदा मोजताच येत नाही असंही नाही, मी ज्या कोर्टाबाहेर बसतो तिथं अपघाताच्या क्लेममध्ये रोज मोजतात. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, सुप्रीम कोर्टाने 1975 साली (प्रताप नारायण सिंग देव केस) त्याचं नुकसान शंभर टक्के धरलेलं कायम ठेवलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढं राजकुमार विरुद्ध अजयकुमार मध्ये तर स्वच्छ लिहिलंय की हात गेल्याचं अपंगत्व 60 टक्के असलं तरी ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते आणि सरकारी क्लार्कची नोकरी कदाचित तशीच राहील. वकिलांच्या अर्जात हे वाक्य मी किती वेळा टाईप केलंय त्याला गणती नाही. ट्रक अंगावर आला असता तर दादाच्या धंद्याचा विचार झाला असता, शुगरने पाय नेला म्हणून होत नाही.

अपील करा असं लोक सांगतात. कायद्यात अपील आहे. पण कशाविरुद्ध करायचं, डॉक्टरांनी टेबलाप्रमाणेच दिलंय. दुसरा एक रस्ता सांगितला कुणीतरी, दोन अपंगत्वं असली तर एकत्र धरतात. सरळ बेरीज नसते, सूत्र आहे त्याला, 30 आणि दुसरे 20 असले तर 43 च्या आसपास होतात. शुगर आहेच, उद्या डोळ्यांवर गेली तर बसेल योजनेत. असा सल्ला द्यायचा का आम्ही घरच्या माणसाला?

तिसरा रस्ता एजंटचा. तो कोणता ते वाचकांना माहिती आहे, आणि बोगस प्रमाणपत्रांची एवढी बोंब झाल्यावर तपासण्या कडक झाल्यात ते योग्यच आहे. पण कडक झाल्या म्हणजे दादासारख्याने काय करायचं, त्याचा पाय तर कुणीही चप्पल काढून बघू शकतो, त्यात बोगस काय असणार.

केंद्राचा कायदा लगेच बदला असं मी म्हणत नाही, ते आपल्या हातात नाही. पण संजय गांधी योजना राज्याची आहे. 20 ते 39 टक्केवाल्यांना, ज्यांचं पोट अंगमेहनतीवर आहे आणि तो धंदा आता होणार नाही, त्यांना अर्धी रक्कम द्यायला काय हरकत आहे? बोर्डाच्या फॉर्ममध्ये फक्त एक ओळ वाढवा, आधी काय काम करत होता आणि आता ते जमेल का, डॉक्टरला लिहायला दोन मिनिटं लागतील. आणि मोठ्या ऑपरेशनच्या पेशंटचा पोर्टलवरचा अर्ज डिस्चार्जच्या आधी दवाखान्यातच भरून घ्या, समाजसेवा अधीक्षक असतात ना तिथं, त्यांच्याकडून तात्पुरत्या प्रमाणपत्राचीपण माहिती द्या. सहा महिन्यांनी नेट कॅफेत जाऊन 100-200 देऊन तोच अर्ज भरताना जन्मतारीख आधारशी जुळत नाही हे तेव्हा कळतं, आमचं तेच झालं. अजून एक, उत्पन्नाची ती 50 हजारांची अट बदला, 2500 केलेत तसं तेही वाढवा, नाहीतर वाढवलेले पैसे घेणार कोण.

दादा सध्या एका साईटवर वॉचमन आहे, रात्रपाळी, पगार पूर्वीच्या मजुरीच्या निम्म्याहून कमी, तोही साईट चालू आहे तोवर. दिवाळीनंतर ती इमारत पूर्ण होईल.

दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, असं 2022 पासून ऐकतोय. त्या खात्यातल्या कुणाच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांनी 30 टक्केवाल्यांचं काय करणार ते आपल्याच पेपरातून कळवावं ही विनंती.

कृपया नाव छापू नये, दादाला आवडणार नाही.

आपला नियमित वाचक,
तालुका कोर्टाबाहेरचा टायपिस्ट